गॅजेट आणि नव्या तंत्रज्ञानावर पॉडकास्ट करायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी फोन, हेडफोन, घड्याळं आणि अजून बाजारात न पोचलेल्या गोष्टींवर पॉडकास्ट करते. नव्याने सुरुवात करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

वस्तू दिसतच नाही. मग गॅजेटचा पॉडकास्ट ऐकणार कोण?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्त आहे. फोनचा रंग, स्क्रीनचा उजेड, कॅमेऱ्याने काढलेला फोटो यातलं काहीच कानाला कळत नाही. ते दाखवायला व्हिडिओ आहे, आणि ते काम व्हिडिओच चांगलं करतो.

पण गॅजेट विकत घेतल्यावर माणूस त्याच्याकडे बघत बसत नाही, ते वापरतो. पहाटे अलार्म बंद करायला अंधारात हात गेला की बटण सापडतं का? घाम आल्यावर इअरबड कानातून निसटतात का? रात्री पूर्ण चार्ज केलेल्या घड्याळात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किती बॅटरी उरते? या गोष्टी बोलून सांगण्यासारख्याच आहेत. ऐकणारा त्या वेळी चालत असतो, भांडी घासत असतो, प्रवासात असतो. वस्तूबरोबर दिवस कसा जातो हे त्याला ऐकायचं असतं. खोक्यावर काय छापलंय ते तो स्वतः वाचू शकतो. तुम्ही ती वस्तू कशी वापरली हे मात्र तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

वर्णन करताना हाताला काय लागतं तिथून सुरुवात करा. ‘वजन २३० ग्रॅम’ म्हटलं की आकडा कानावरून जातो. ‘झोपून एका हातात धरला तर दहा मिनिटांत करंगळी दुखायला लागते’ म्हटलं की लक्षात राहतं. आणि वस्तूला आवाज असेल तर तो आवाजच ऐकवा. घडी होणाऱ्या एका फोनची बिजागरी मी माइकपासून चार बोटांवर धरून सावकाश मिटली होती. अगदी शेवटी बारीक करकर येत होती, आत धुळीचे कण गेल्यासारखी. त्या तीन सेकंदांबद्दल लोकांनी जेवढं लिहिलं, तेवढं माझ्या कुठल्याच वर्णनाबद्दल लिहिलं नव्हतं.

पॉडकास्ट नेमकं कशाला म्हणायचं? व्हिडिओ टाकला तर तो पॉडकास्ट का?

माझ्या लेखी, ज्याची फाइल आरएसएस फीडमधून (नवा भाग आला की अ‍ॅपला कळवणारी इंटरनेटवरची यादी) ऐकणाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आपोआप पोचते तो पॉडकास्ट. डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसमध्ये आवाजाची फाइल जोडण्याची सोय केली. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द बेन हॅमर्सली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या लेखात वापरला. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि मग तो सर्वसामान्यांपर्यंत पोचला. ज्या आयपॉडवरून हे नाव पडलं, तो २०२२ मध्ये बंद झाला.

व्हिडिओ जरूर करा, पण फीड सोडू नका. फीड कोणा एका कंपनीच्या मर्जीवर चालत नाही. होस्टिंग, म्हणजे तुमच्या फाइल ठेवणारी सेवा, बदलायची वेळ आली, तर जुन्या फीडवरचे श्रोते नव्या पत्त्यावर आपोआप वळवून मिळतील का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

माइक कोणता घ्यावा?

आधी खोली बघा. रिकाम्या खोलीत, नुसती फरशी आणि उघड्या भिंती असतील, तर कितीही चांगला माइक लावला तरी आवाज हौदात बोलल्यासारखा येतो. गादी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं शेल्फ यांनी घुमणं कमी होतं. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसलात तर आणखी छान. पंखा बंद करा, फ्रिजचा आवाज येतो का ते डोळे मिटून ऐका.

घरात शांतता मिळत नसेल तर डायनॅमिक माइक घ्या, तो आजूबाजूचा आवाज कमी पकडतो. कंडेन्सर माइक बारकावे सुरेख टिपतो, पण तितक्याच निष्ठेने शेजारचा टीव्हीही टिपतो. एक्सएलआर जोडणीच्या कंडेन्सर माइकला सहसा ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) लागते, म्हणजे ती देणारा आणि माइक कंप्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस आला. यूएसबी माइकला ही भानगड नाही. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं बरंचसं सोडून देतो, म्हणून लॅपटॉप माइकच्या पाठीमागे ठेवा. त्याच्या पंख्याची घरघर कमी येईल.

आपल्या विषयात एक खास अडचण आहे. फोन, फीचर, फोल्डेबल, बॅटरी, ब्लूटूथ, प्रोसेसर, पॉवर बँक: आपल्या तोंडी सतत असणारे शब्द ओठांतून फुटणारे आहेत. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत माइकवर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्’ ऐकू येतं. तोंडासमोर तळहात धरून ‘भरपूर फीचर’ म्हणून बघा, झोत जाणवेल. उपाय सोपा आहे. माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवा, वीतभर किंवा त्याहून जवळ, आणि मध्ये पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) लावा. हे केलंत की एडिटिंगचा निम्मा वैताग वाचतो.

फक्त फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल?

चालेल. एअरप्लेन मोड लावा, फोन टेबलावर आडवा टाकू नका, पुस्तकांच्या चळतीवर टेकवून तोंडाजवळ आणा. पहिले दहा भाग असेच करा. माइक घ्यायचा की नाही ते मग तुमचं तुम्हालाच कळेल.

आवाजाची पातळी आणि फाइल किती मोठी ठेवावी?

पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (आवाज कानाला सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवा; अ‍ॅपलही हीच सुचवतं, आणि शिखर, म्हणजे सर्वांत मोठा आवाज, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका असंही सांगतं. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही मोजणी असते. फाइल एमपी३ मध्ये द्या. १२८ केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा त्याचं माप) मिनिटाला साधारण १ एमबी होतो. नुसतं बोलणं असेल तर मोनोमध्ये (डावा-उजवा वेगळा न ठेवता) ६४ केबीपीएस पुरतं आणि फाइल निम्म्यावर येते. ज्यांचा डेटा मोजून मापून असतो त्यांच्यासाठी हा मोठा फरक आहे.

एखादं गॅजेट किती दिवस वापरल्यावर त्याच्याबद्दल बोलावं?

माझं ठाम मत: निदान तीन आठवडे. त्याआधी बोलायचंच असेल तर ‘मी हे पाच दिवस वापरलंय’ हे वाक्य भागाच्या पहिल्या मिनिटात यायला हवं.

हा हट्ट मी एका चुकीतून शिकले. एका इअरबडच्या जोडीचं मी चौथ्या दिवशीच तोंडभरून कौतुक केलं होतं. आवाज खरंच उत्तम होता. चार महिन्यांनी डावा इअरबड तासाभरात मान टाकायला लागला आणि उजवा मजेत चालत राहिला. कारण शोधल्यावर कळलं की डावा डबीत ठेवला की पिन नीट टेकत नव्हती, आणि तो दिवसभर डबीत राहूनही चार्ज होत नव्हता. कापसाच्या काडीने पिना पुसल्या की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. माझं ऐकून ते घेतलेल्या दोघांनी अगदी हीच तक्रार मला कळवली. मी त्यावर स्वतंत्र भाग केला, पण त्यांचा खर्च तर होऊन गेला होता.

पहिल्या तासात वस्तू नवी असते, म्हणून आवडते. आठवड्याभरात तिच्या सवयी कळतात: नोटिफिकेशन उशिरा येतात, चार्जिंगला लावल्यावर पाठ तापते, एखादं बटण खिशात आपोआप दाबलं जातं. महिना होत आला की खरी परीक्षा, कारण तेव्हा वस्तू आपण होऊन हातात घेतली जाते का ड्रॉवरमध्ये पडून राहते ते दिसतं. माझ्या वहीत प्रत्येक गॅजेटचं एक पान असतं आणि रोज रात्री त्यात एकच ओळ लिहिते. ‘आज वापरलंच नाही’ ही ओळ सलग चार दिवस आली की भागात काय म्हणायचं ते वेगळं ठरवावं लागत नाही.

थोड्या दिवसांच्या वापरालाही मोल असतं, हेही सांगायला हवं. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगचा घडी होणारा पहिला गॅलॅक्सी फोल्ड फोन परीक्षकांच्या हातात पडला आणि एक-दोन दिवसांतच काहींच्या स्क्रीन बिघडल्या. कोणी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलला होता, कोणाच्या स्क्रीनखाली कण शिरून फुगवटा आला होता. त्या परीक्षकांनी जे झालं ते तसंच सांगितलं. कंपनीने विक्री पुढे ढकलली, थराच्या कडा चौकटीखाली नेल्या, बिजागरीजवळच्या फटी झाकल्या आणि फोन सप्टेंबरमध्ये आणला. बिघाड लगेच सांगा, त्याला तीन आठवडे थांबू नका. थांबायचं ते कौतुक करताना.

कंपनीने परीक्षणासाठी वस्तू पाठवली तर घ्यावी का?

घ्या, आणि सांगा. कुठल्या शब्दांत सांगता याला महत्त्व आहे. ‘आमच्या मित्रांचे आभार’ याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नाही. ‘ही वस्तू कंपनीने चार आठवड्यांसाठी दिली आहे, ती परत जाणार आहे, आणि हा भाग प्रसिद्ध होण्याआधी त्यांनी ऐकलेला नाही’ याचा लागतो. हे सुरुवातीलाच बोला. वर्णनात खाली लिहून ठेवलेलं कोणी वाचत नाही, कारण पॉडकास्ट ऐकताना स्क्रीन बहुधा बंद असते. खरेदीच्या लिंकमधून तुम्हाला वाटा मिळणार असेल तर तेही बोलून सांगा.

एम्बार्गोची अट मान्य करायला हरकत नाही. ठरलेल्या तारखेआधी बोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. काय बोलायचं हे ठरवणारा कागद समोर आला तर मात्र सही करू नका. ‘प्रसिद्ध करण्याआधी आम्हाला ऐकवा’, ‘दुसऱ्या कंपनीच्या वस्तूशी तुलना करू नका’ अशा ओळी विनम्र पत्रात मधोमध दडलेल्या असतात. मला असं पत्र एकदा आलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्या कंपनीकडून पुन्हा काही आलं नाही. त्यांचा पुढचा हेडफोन मी उसना घेऊन परीक्षण केलं, आणि तो चांगला होता म्हणून चांगलाच सांगितला.

मला कोणी काही पाठवत नाही. मग विषय कुठून आणू?

तुमच्याकडे आत्ता जे आहे त्यावर बोला. तीन वर्षं वापरलेला फोन आजही घ्यावा का, बॅटरी बदलल्यावर काय फरक पडला, अपडेटनंतर काय बिघडलं, हे विषय नव्या फोनइतकेच ऐकले जातात. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला बोलवा. कुठला भाग सर्वांत आधी जातो हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

आकडे कंटाळवाणे होतात. ते गाळावेत का?

गाळू नका, उलगडा. हेच तर आपलं काम.

पॉवर बँकेचंच घ्या. खोक्यावर १०,००० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), फोनची बॅटरी ५,००० एमएएच. घेणारा हिशेब करतो: फोन दोनदा पूर्ण चार्ज होणार. प्रत्यक्षात होत नाही, आणि त्याला वाटतं आपल्याला खराब माल मिळाला. खरी गोष्ट अशी की पॉवर बँकेतल्या सेलचा आकडा साधारण ३.७ व्होल्टवरचा असतो. म्हणजे ऊर्जा झाली ३७ वॉट-अवर (एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १,०००). फोनकडे जाताना व्होल्टेज वाढवावं लागतं. ५ व्होल्टला तीच ऊर्जा ७,४०० एमएएच भरते. त्यातली काही उष्णतेत जाते, ते आपल्या हातालाही कळतं. समोर फोनच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर मावतात. तेव्हा दीड वेळा चार्ज झाला तर पॉवर बँक तिचं काम चोख करते आहे. हे एकदा समजलं की ऐकणारा पुढच्या खरेदीत वॉट-अवरचा आकडा शोधतो.

आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, त्याचंही तसंच. ६ हा आकडा धुळीचा, ८ पाण्याचा. ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं अशी चाचणी असते. ८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी ठरवते. म्हणून दोन आयपी६८ फोन सारखेच असतील असं नाही. शिवाय चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी आणि साबण त्यात येत नाही.

आणि यूएसबी-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. एकसारख्या दिसणाऱ्या दोन केबलपैकी एक सेकंदाला ४८० मेगाबिट नेते आणि दुसरी ४० गिगाबिट. ‘फाइल जायला एवढा वेळ का लागतोय’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा हेच असतं.

जे तंत्रज्ञान अजून बाजारातच नाही, त्यावर कसं बोलावं?

उत्साहाने बोला, पण आज ते नेमकं कुठवर आलंय ते आधी सांगा. प्रयोगशाळेत एक नमुना बनणं, कारखान्यात लाखो नग बनणं आणि ते सामान्य माणसाच्या हातात वर्षभर टिकणं, यांत मोठं अंतर असतं.

मी नेहमी लिथियम-आयन बॅटरीची गोष्ट सांगते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचं काम १९७० च्या दशकातलं. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाखवलं. अकिरा योशिनो यांचा वापरण्याजोगा नमुना १९८५ चा. सोनीने बॅटरी बाजारात आणली १९९१ मध्ये. तिघांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये. प्रत्येक टप्प्यावर शोध खरा होता, तरी बाजारात यायला दीड-दोन दशकं गेली. आज सॉलिड-स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या) बॅटरीची बातमी आली की मी याच पट्टीने मोजते: सेल केवढा आहे, किती वेळा चार्ज करून पाहिला, कुठल्या तापमानाला, आणि तो बनवणारा कारखाना उभा आहे का? बातमीत यातलं एकही उत्तर नसेल तर तसं सरळ सांगते. ऐकणारे नाराज होत नाहीत.

हातात आलेल्या नव्या प्रकारच्या वस्तूंनाही हेच लागू. ह्यूमेन कंपनीचा एआय पिन एप्रिल २०२४ मध्ये लोकांना मिळू लागला. कपड्याला लावायचा, बोलून वापरायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीची बरीचशी मालमत्ता एचपीने घेतली आणि २८ फेब्रुवारीला पिनमागचा सर्व्हर बंद झाला. वर्षही न झालेली वस्तू जवळजवळ निकामी झाली. तेव्हापासून प्रत्येक गॅजेटबद्दल मी एक प्रश्न विचारते: कंपनी उद्या बंद पडली तर ही वस्तू काय काय करू शकेल? उत्तर शोधायला फार लागत नाही. वायफाय बंद करून दिवसभर वापरून बघा.

एआयची मदत घ्यावी का?

बोललेलं लिहून काढायला, घरघर काढायला, जरूर घ्या. लिखित प्रत दिलीत तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही तुमचा भाग मिळतो. आकडे मात्र एआयकडून घेऊ नका. एकाच नावाच्या दोन मॉडेलची माहिती ते सहज मिसळतं आणि ठाम सुरात सांगतं. स्वतःच्या आवाजाची नक्कल करून भाग बनवणं मला मान्य नाही. तुम्ही वस्तू वापरलीत या विश्वासावर लोक ऐकतात, आणि तो विश्वास तुमच्या आवाजावर असतो.

मराठीत बोलताना तांत्रिक शब्दांचं काय करायचं?

जे लोक बोलतात तेच बोला. भ्रमणध्वनी म्हणायची गरज नाही, फोन म्हणा. पण क्रियापदं आपली असू द्या, तिथे मराठी फार समृद्ध आहे. बॅटरी उतरते, स्क्रीन तडकते, फोन अडकतो, तापतो, आवाज फाटतो, बटण रुततं, चार्जर सैल बसतो. ‘परफॉर्मन्स इश्यू आहे’ यापेक्षा ‘कॅमेरा उघडताना दोन क्षण अडखळतो’ जास्त सांगतं. ‘रिफ्रेश रेट’सारखा शब्द पहिल्यांदा आला की एका वाक्यात फोडून सांगा, म्हणजे पुढे तो बिनधास्त वापरता येतो.

एकट्याने करावा की जोडीने? भाग किती मोठा?

जोडीने, जमलं तर. दुसऱ्याने तीच वस्तू वापरलेली असावी आणि त्याचं मत आधी माहीत नसावं. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असाल तर कॉलचं रेकॉर्डिंग वापरू नका. प्रत्येकाने आपापल्या माइकवर रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला एकत्र टाळी वाजवा. एडिट करताना दोन्ही फाइल त्या टाळीवर जुळवता येतात. लांबीचा नियम नाही. विषय अठरा मिनिटांत संपला तर भाग अठरा मिनिटांचा.

चूक झाली तर भाग काढून टाकावा का?

नको. पुढच्या भागाच्या सुरुवातीला चूक सांगा, जुन्या भागातही जागच्या जागी दुरुस्तीचं वाक्य रेकॉर्ड करून घाला आणि फाइल बदला. ज्यांनी आधीच डाउनलोड केलंय त्यांच्यापर्यंत नवी फाइल पोचेलच असं नाही, म्हणून दोन्ही करायचं.

वस्तूच बंद झाली, कंपनी गेली. जुने भाग ठेवून काय उपयोग?

बंद झालेली वस्तू लोकांच्या घरात असतेच. पेबल हे स्मार्टवॉच बनवणारी कंपनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. २०१८ मध्ये त्याच्या ऑनलाइन सेवाही थांबल्या, तेव्हा रेबल नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने त्या पुन्हा उभ्या केल्या आणि घड्याळं चालत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची ऑपरेटिंग सिस्टीम सगळ्यांसाठी खुली केली. इतकी वर्षं ज्यांच्या मनगटावर ते घड्याळ होतं, त्यांना जुनी माहिती लागत होती. माझे जुने भाग मी तसेच ठेवते. फक्त सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची नोंद जोडते: हा भाग कधीचा, वस्तू आता मिळते का, आणि तिचं काय काय अजून चालतं.